शून्य रेनडिअर

फेब्रुवारी. बाहेर उणे एकतीस.
कौटोकेनोच्या कचेरीत डिस्क सत्त्याण्णव टक्के भरलेली.
कुणाच्या रेनडिअरच्या कानाला कुठली खाच,
डावा दुभंगलेला की उजव्याचं टोक तिरकं,
सगळं त्या एका डिस्कवर. वर फोटो.
फोटोंनीच जागा खाल्ली.
माहते म्हणाला, नवी डिस्क आणलीय, आता तू बघ.

कळप हलवायचा तर आधी थांबवावा लागतो,
चरताना मोजणी होत नाही.
सर्व्हिस बंद केली. फायली नव्या डिस्कवर नेल्या
मालकीसकट; मालक चुकला
तर डेटाबेस स्वतःच्याच लेकरांना शिवत नाही.
मग त्या लांबलचक फाइलमधली एकच ओळ,
डेटा कुठे ठेवायचा ते सांगणारी.
जुनी वाट खोडली, नवी लिहिली,
तिरक्या रेघा दोनदा तपासल्या.
दोन मिनिटांचं काम, आणि त्याआधी दोन तास नखं खाणं.

विसरले एवढंच, की डिस्क मी हाताने जोडली होती.
मशीन उठेल तेव्हा हिलाही जोड,
ही ओळ दुसऱ्याच एका फाइलीत लिहायची असते.
ती माझ्या डोक्यात होती.
डोकं घरी गेलं.

गुरुवारी पहाटे वादळात वीज गेली, आली.
मशीन उठलं. डेटाबेस उठला.
सांगितलेल्या वाटेने निघाला, आणि वाट होती;
वाटेच्या टोकाला काही नव्हतं.
रिकामी जागा दिसली की नवा संसार मांडायचा,
असं त्याला कुणीतरी शिकवून ठेवलेलं.
मांडला. कुरकुर नाही, लाल अक्षर नाही.
एकूण मालक: शून्य.
एकूण रेनडिअर: शून्य.
सगळे दिवे हिरवे.

वाट बरोबर होती आणि वाट लागली होती.

इस्सातचा फोन. पंचाहत्तरीचा माणूस.
नातू म्हणतो, आमची खूण दिसत नाही.
मी म्हटलं, जरा तांत्रिक अडचण आहे.
मग रेनडिअरना सांगू का,
तोवर कान काढून ठेवा म्हणून?
तो हसला. मी नाही.

अकराला डिस्क सापडली.
कुठेच गेली नव्हती; शेजारच्या कप्प्यात,
कुणी जोडेल म्हणून वाट बघत.
आधी त्या रिकाम्या जागेला कुलूप घातलं, आत न बघता.
पुन्हा कधी डिस्क आली नाही तर डेटाबेसने
तिथेच ठेचकाळावं, ओरडावं, मला झोपेतून उठवावं.
खोटं चालण्यापेक्षा खरं बंद बरं.
मग डिस्क जोडली. ती ओळ लिहिली.
घरी जाऊन मोजे न काढता झोपले.

शनिवारी एल्ले आली. वय नऊ.
गुरुवारी आठ वीसला, आईच्या फोनवरून,
तिने आपली पहिली खूण नोंदवली होती.
स्वीकारली, असं आलंही होतं.
आता यादीत नाही.
मी म्हटलं, नीट भरलं नसशील.
म्हटलं, आणि जीभ चावली.

पुन्हा सगळं थांबवलं. डिस्क सोडवली. कुलूप काढलं.
बर्फाखाली दगडफूल असतं तसं
काही तासांचं ते जग खाली पडून होतं:
एक मालक, एक रेनडिअर.
डावा कान, खालून एक खाच. उजवा अखंड.
तिच्याखेरीज तिथे कुणाचंच काही नाही.

ती नोंद कागदावर उतरवून घेतली,
डिस्क पुन्हा जोडली,
आणि वरच्या कळपात सोडली.
तिथे क्रमांक एक होता.
इथे चार हजार सहाशे बारा.

एल्ले म्हणाली, मधले दोन दिवस कुठे होतं ते?
खाली, मी म्हटलं.
तिने टोपी कानांवर ओढली.
मग ठीक आहे, म्हणाली,
खाली खायला असतं.