एकतारी

अडुळशाची पानं बारा की पंधरा
हे तू सांगत होतीस, तेवढ्यात मस्कतची रेंज गेली.
मी आपली चौदा घेतली.

विहिरीकडच्या कुंपणातला अडुळसा,
गुरं तोंड लावत नाहीत म्हणून लावलेला.
इतकी वर्षं त्याच्यावर मी फक्त टॉवेल वाळत घातले.

मिरी आपल्याच कुळागरातली,
आलं पुंडलिकच्या परसातलं, मातीसकट.
तुळशीकडे हात नेला आणि आठवलं,
दिवेलागणीनंतर तोडत नाहीत.
चप्पल काढून उभा राहिलो तिच्यापुढं.
म्हटलं, पोरीला खोकला आहे, बाय.
सात पानं. मोजून.

आठ पेले पाणी आटवून दोन करायचं.
दोन झालं हे कळायचं कसं?
तू म्हणालीस, माडाचा हीर बुडव,
ओल जिथवर येईल तिथं नखानं खूण कर.
ही अक्कल नर्सिंगच्या पुस्तकात नसणार.
नऊ वर्षांत तू कधी सांगितली नाहीस,
मी विचारली नाही.

स्वेजल ओट्यावर पाय हलवत,
दर चार शब्दांनी खोकत.
"बाबा, हे गटाराच्या रंगाचं झालंय."
झालंच होतं.

गाळलं तुझ्या जुन्या ओढणीच्या तुकड्यातून.
(ती टाकायचीच होती ना? विचारायचं राहिलं.)
मग माडाचा गूळ, काळाकुट्ट, बत्त्यानं फोडून,
एक खडा तिच्या तोंडात, एक माझ्या.
एकतारी पुरे, तू बजावलेलंस,
पुढं गेलास तर बाटलीत दगड होईल.

अंगठा आणि बोट. चटका. तुटली.
पुन्हा. तुटली.
तिसऱ्यांदा निघाली एक तार,
बल्बखाली चकाकली, केसाएवढी,
लांबत गेली,
आम्ही दोघंही श्वास रोखून
आणि स्वेजल खोकली.

बाटली कार्मेलीनकडची, काजू फेणीची.
गरम पाण्यानं तीनदा धुतली,
तरी बूच काढलं की घरात एप्रिल येतो.
कार्मेलीन म्हणते, धुतलीस कित्याक?
अर्धा खोकला त्या वासानंच गेला असता.

झोपताना एक चमचा.
निम्मा पोटात, निम्मा उशीवर.

साडेदहाला तुझा फोन.
झाली तार?
झाली.
तू हसलीस, आणि हसता हसता खोकलीस,
कोरडी, खोलवरून, एसीतलं खोकणं.
कधीपासून?
वॉर्डात सगळ्यांनाच आहे, म्हणालीस. घेतेय गोळ्या.
मग लगेच स्वेजलच्या गणिताचं विचारलंस.

आता बारा वाजून गेलेत.
टॉर्च घेऊन विहिरीकडे आलोय.
शनिवारी आग्नेलचा मुलगा मस्कतला परततोय;
बॅगेतून असलं काही नेऊ देतात का,
त्याला उद्या विचारेन.
तुळस सकाळी. आलं आहे थोडं.

या वेळी पंधरा घेतो.