ओलं गोणपाट

बाळीवेशीतून आणलेलं वांग्याचं पाकीट,
मागे बारीक अक्षरात: उगवण सत्तर टक्के.
मी अठ्ठेचाळीस बिया मोजून टाकल्या.
आल्या तीन.

बाकीच्यांचं काय झालं ते दोन दिवसांनी दिसलं:
ट्रेच्या भोकातून खाली, भिंतीवरून मोरीकडे
मुंग्यांची रांग,
आणि प्रत्येकीच्या तोंडात माझं एकेक वांगं.

उरलेली तीन दोन पानांवर आली
आणि एका सकाळी आडवी.
मातीलगत मान बारीक झालेली, काळपट.
पाणी जास्त झालं, म्हणाले चिलवेरी,
जे स्वतः गच्चीत फक्त कोरफड लावतात.
पाणी जास्त!
आमच्या गल्लीत ते चार दिवसांनी येतं,
तेही रात्री दोनला,
आणि मी झोपेत पिंपाआधी ट्रेकडे पळतो,
हे खरंय.

तेवीस वर्षं माग चालवले मी.
तुटलेला धागा अंधारातही बोटांना सापडायचा,
गाठ अशी मारायचो
की अंग पुसणाऱ्याला कधी टोचली नसेल.
कारखान्याला कुलूप लागलं तरी बोटं तीच आहेत.
पण या मोडलेल्या मानेला
कुठून गाठ मारू?

नरसव्वा दारात सूप घेऊन बसलेली,
पान कापते, तंबाखू भरते, वळते, दोरा गुंडाळते.
वर बघत नाही.
घरात आम्ही तेलुगू बोलतो, बाजारात मराठी,
बियांशी कुठली बोलावी हे माझं ठरत नव्हतं.
ती म्हणाली, दोडक्याच्या बिया आण इकडे.
विडीची पानं रात्री ज्या ओल्या गोणपाटात ठेवते
त्याच्याच एका घडीत तिनं त्या सरकवल्या.
"पानाला लागते तेवढीच ओल.
पिळलं तर थेंब पडता कामा नये."
झालं. एवढंच.

बाहेर त्रेचाळीस. पत्रा कडकड वाजतो.
तिसऱ्या दिवशी घडी उघडली
तर प्रत्येक बी फुटलेली, पांढरं टोक बाहेर,
लहान पोराचा पहिला दात दिसावा तसं.
मुंग्यांसाठी तिनं ट्रेभोवती
सुपातली तंबाखूची भुकटी ओढली.
एक मुंगी आली नाही.
मी चिलवेरींना मुद्दाम बोलावून दाखवलं.

मग टोमॅटो.
बिया गोणपाटातल्या, माती चाळलेली, सावली साडीची,
सगळं तिच्याच हातचं.
तळहाताएवढी झाली आणि पानं आकसली,
त्यांवर हिरवे-पिवळे डाग.
एक रोप पिशवीत घालून होटगी रोडच्या नर्सरीत नेलं,
बरोबर नातू.
तिथला पोरगा म्हणाला,
"घरात कुणी तंबाखू हाताळतं का काका?
त्या हातांनी टोमॅटोला रोग लागतो."

मी घरी येऊन म्हणालो, ऊन लागलं.
नातवानं सगळं सांगून टाकलं.

तिनं हातातली विडी पुरी केली.
बोटं नाकाशी नेऊन बघितली.
"चाळीस वर्षं रोज हजार," ती म्हणाली,
"माझ्या छातीचं कुणाला कळलं नाही.
टोमॅटोचं बघ, एका फेरीत कळलं."
आणि पुढचं पान उचललं.
मला बोलायला काही सुचलं नाही,
मी रोपं उपटायला गेलो.

दोडका चढलाय.
कारखान्यातून आणलेलं उरलेलं सूत बांधलंय त्याला,
गाठी माझ्या.
फुलं आली, पण सगळी नर,
चिलवेरी म्हणतात थांबा.

काल पुन्हा टोमॅटो पेरला.
ती दोन हात लांब बसते आता, ट्रेला शिवत नाही,
हनुवटीनं दाखवते.
मी साबणानं धुतलेल्या बोटांनी
बी मातीवर धरून विचारतो, इथं?
तिथं नको, ती म्हणते, अलीकडे.
अजून थोडी खाली.
बस.
आता हात काढ.