हीट नंबर एकशे सतरा

पहिल्या भेटीत बाळगोंडा मगदूमांनी दर सांगितलाच नाही.
खुर्चीवरची वाळू रुमालानं झटकली,
म्हणाले, बसा म्याडम, आधी ओतकाम बघा.
माझ्या फाइलीत तीन कोटेशनं,
सगळ्यात कमी आकड्याखाली शिसपेन्सिलीची रेघ.
त्यांचा आकडा मधला.

शिरोलीची ती शेड, दुपार,
लाडल तिरकी झाली
आणि पांढरा रस साच्यात उतरू लागला,
कसलीही घाई नसल्यासारखा.
दस्तगीर शिकलगार साच्याकडं कान करून उभा.
काय ऐकता?
"बरं बसलं की गप होतंय.
न्हाई बसलं तर कुरकुरतंय."

त्यानंतर वर्षभर
ड्रॉइंग आम्ही बदलायचो,
उशिराचा दंड त्यांच्या नावावर.
पंचेचाळीस दिवसांत बिल, असं करारात होतं;
मी ते कधी तिसाव्या दिवशी
लेखा विभागाच्या टेबलावरून ओढून काढायची,
कधी साठाव्या.
दिवाळीला त्यांनी काकवीची बरणी पाठवली.
नियमानं परत केली.
पुढच्या वर्षी नुसतं पत्र आलं.

मग एका रात्री, अकरा वाजून गेल्यावर, फोन.
"एकशे सतराच्या हीटमधले दोन नग.
फिल्म पास हाय. तुमच्या इन्स्पेक्टरची सही हाय.
पण दस्तगीर म्हणतोय, ओतताना कुरकुरलं.
म्हणून एक कापला.
तांदळाएवढं पोकळ हाय आत."

भिंतीवर टर्मिनलची तारीख, लाल शाईत.
दर आठवड्याला अर्धा टक्का.
किती दिवस?
"बारा."
दहा करा, हे ओठांवर आलं होतं.
बारा घ्या, म्हटलं.

सकाळी प्रोजेक्टवाले साहेब ओरडले:
तेव्हाच स्वस्तातला का नाही घेतला?
त्याचा फोन आला नसता, साहेब,
हे मी मनात म्हटलं,
आणि वेल्डिंगची पाळी पुढं-मागं करून
नऊ दिवस वाचवले.
उरलेल्या तिनांचा दंड कापला गेला.
तो मला थांबवता आला नाही.

गॅस सोडला त्या दिवशी
पेढे वाटले, फोटो निघाले;
खरेदीतलं कुणी त्यांत नाही.
मी मागच्या बाजूनं जाऊन
व्हॉल्व्हवरचे ठोकलेले आकडे बोटानं वाचले.
एक. तीन. एक.
आतून शंभर बार जात होते
आणि काहीच होत नव्हतं.

फोन गेटवर जमा होता. तो घेऊन
पहिला नंबर शिरोलीचा लावला.
"गप हाय न्हवं?"
गप आहे.
पलीकडं ग्राइंडरचा आवाज थांबला,
कुणीतरी कुणाला तरी काही सांगितलं.
मग मगदूम म्हणाले,
"तेवढं बिलाचं बघा की."