नियमपुस्तिकेत दात नाही

एप्रिलचा दुसरा मंगळवार.
त्या दिवशी भिंतींवरचं सगळं झाकायचं असतं:
पाढे, नकाशा, स्वरांची आगगाडी,
इतकंच काय, घड्याळाखालचं 'विचार कर'सुद्धा
मी तपकिरी कागदाने झाकलं.
वर्ग दिसतो कसा मग,
रंगारी अर्ध्यातून निघून गेल्यासारखा.

दारावर पाटी: शांतता, परीक्षा सुरू.
नेब्रास्काच्या वाऱ्याला पाटी वाचता येत नाही.
तो कत्तलखान्याच्या बाजूने सुटतो तेव्हा
खिडक्या लावल्या तरी आत येऊन बसतो.

तिसरीची बावीस पोरं.
मी वाचते ते फक्त ठळक अक्षरांतलं,
काना इकडचा तिकडे न करता:
"आता पान उलटा. आता सुरुवात करा."
एकोणीस वर्षं शिकवतेय लोर्ना ह्रुस्का
आणि आज तिला स्वतःचं एक वाक्य बोलायची मुभा नाही.

उतारा दीपगृहाचा आहे.
समुद्र इथून हजार मैलांच्या पुढे,
कुठल्याही बाजूने मोजा.
हिबाकचा हात वर: मिस, दीपपाल म्हणजे कोण?
मी म्हणते, तुला जमेल तेवढं कर.
ती माझ्याकडे बघते,
भर बाजारात ओळख न दाखवणाऱ्या मावशीकडे बघावं तशी.

शेवटच्या रांगेत, हीटरला टेकून, एल्मर चोक.
त्याचा दात शुक्रवारपासून हलतोय.
काल याच पोराने ओळीखाली बोट धरून
ट्रॅक्टरबद्दलचं अख्खं पान मला वाचून दाखवलं होतं,
'कार्ब्युरेटर'ला अडखळला, मागे गेला,
पुन्हा धावत येऊन उडी मारली त्यावरून.
हे कुठल्या रकान्यात भरायचं
ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

सतराव्या प्रश्नावर दात पडला.
दीपपालाला एकटं का वाटत होतं?
ब आणि क यांच्या बरोबर मधे
रक्ताचा एक थेंब.
यंत्राने त्याचं काय उत्तर धरलं असतं?

पान चौतीस.
मुलाला उलटी झाल्यास पुस्तिका पिशवीत घालून पिशवी बंद करावी,
क्रमांक उतरवून घ्यावा, दोघांनी सही करावी.
रक्ताचंही तेच.
दाताबद्दल काही नाही.

त्याने तो माझ्या तळहातावर ठेवला, मोजून दिल्यासारखा.
"होईपर्यंत सांभाळा, मिस.
आई छपरावर फेकते. पण आमच्या ट्रेलरला पत्रा आहे,
खूप वाजेल."
मी काहीच बोलले नाही. नियम.
मग तोंडात कागदी रुमाल धरून
नव्या कोऱ्या पुस्तिकेवर तो पुन्हा पहिल्यापासून बसला.

संध्याकाळी मोजदाद: बावीस अधिक पिशवीतली एक, तेवीस.
जुळलं. कपाटाला कुलूप.
दाताचं पाकीट माझ्या खणात राहिलं.
उद्या देऊ म्हटलं.
मेमध्ये कत्तलखान्याने रात्रपाळी बंद केली
आणि चोक मंडळी कॅन्ससला गेली,
बुधवारी, शाळा सुटायच्या आत,
खुर्चीला स्वेटर तसाच.

ऑगस्टमध्ये निकाल.
डॅरेल, आमचे मुख्याध्यापक, भला माणूस,
कागद फिरवून फिरवून बघतो,
जणू आडवा धरला तर एक्केचाळीस टक्क्यांचे जास्त होतील.
एल्मरची ओळ पिवळी. दोन गुण कमी.
पुढे छापलंय: 'अपेक्षित पातळीच्या जवळ पोहोचत आहे.'

पोहोचत आहे.
कॅन्ससमधल्या कुठल्या गावाला
ते ऑफिसातही कुणाला माहीत नाही.
पोरगं इथे नाही, पण त्याचे दोन गुण
अजून आमच्या आकड्याला खाली धरून आहेत.
डॅरेल म्हणतो, हा एक निघाला असता तर.
मी म्हणते, निघालाच की.

काल पाकीट घरी आणलं.
इतका छोटा, मुळाशी तपकिरी ठिपका.
अंगणात उभी राहिले बराच वेळ,
शेजारचा ग्लेन हात करून गेला.
आमच्या छपराला पत्रा नाही,
फेकला तर आवाजही होणार नाही.
पण तो म्हणाला होता, होईपर्यंत सांभाळा.
आणि झालं कुठे.