मऊ शिसं

कराडात, गाडीतळाच्या मागं,
नूरभाई बागवानाच्या भंगारात मी उभी.
"शिसं पायजे? कसलं?" त्यानं विचारलं.
शिशातही कसलं-कुठलं असतं
हे मला चौतिसाव्या वर्षी कळत होतं.

आबांनी फोनवर सांगितलं होतं:
नख लाव. ओरखडा उठला तर आपलं.
फरशीवर टाक.
खणखणलं तर ठेव माघारी.
ठप् झालं, की समज गोळीचं.

नूरभाईनं आधी चाकांची वजनं पुढं केली,
ट्रकच्या रिमवरून उचकटलेली, अजून वंगणात.
टाकली. खणखणली.
बॅटरीच्या पाट्यांकडं मी बोट केलं तर म्हणाला,
"ते न्हाई ताई. त्याचा धूर छातीत ऱ्हातो.
माझ्या मेव्हण्याला इचारा. म्हंजे, आता कुठं इचारणार."

मग कोपऱ्यातलं पोतं.
आत टाइप. मोडलेल्या कुठल्या छापखान्याचे
खिळे, हजारो, उलट्या तोंडाचे.
अर्धा ण. झिजलेला श्री.
किती लग्नं लावली असतील त्या श्रीनं,
किती दहाव्याची कार्डं.
नख लावलं. माझंच नख वाकलं.
"अक्षर लई कडक असतं," नूरभाई म्हणाला,
"ठासणीच्या नळीत न्हाई बसायचं."
आणि एक ळ माझ्या हातावर ठेवला, फुकट.
तो गिऱ्हाइकाला कायतरी वर देतोच.

शेवटी मिळाली ती टेलिफोनच्या जुन्या केबलची साल.
राखाडी, गुंडाळलेली, हातानं वाकणारी.
नखाखाली लोण्यागत.
आतून किती बोलणी गेली असतील,
बाहेर एकसुद्धा उमटलेलं नव्हतं.
अडीच किलो घेतली.

पाटणच्या वर, एसटी वळते तिथून पुढं अर्धा तास चाल.
आबांनी अंगणात तीन दगड मांडले,
वाऱ्याकडं पाठ करून बसले,
मला म्हणाले, लांब हो.
पळीत शिसं आधी सुस्तावलं,
मग एकदम डोळ्यासारखं चमकलं.
मेणाचा खडा टाकला, मळी वर आली, काढली.
साच्यातली पहिली गोळी सुरकुतली.
"साचा गार हाय अजून," म्हणत परत पळीत.
दुसरीही. तिसरी गुळगुळीत.
मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना दिसत नव्हतं,
अंगठा फिरवून बघायचे.

एकतीस झाल्या.
बिस्किटाच्या डब्यात, गेल्या सालच्या सव्वीसांवर.

मी विचारलं नाही.
बंदूक घरात नव्हती हे आम्हा दोघांना ठाऊक होतं.
निवडणुकीला ठाण्यात जमा केलेली,
पावती देव्हाऱ्यात, हळदीचं बोट लागलेली.
निवडणूक होऊन गेली. दुसरीही झाली.
परवान्याचं नूतनीकरण साताऱ्यात, कुठल्याशा टेबलावर.
साहेब बदलले की कागद
पुन्हा पहिल्या टेबलावर येतो म्हणे.

रात्री दीडला डुकरं आली.
नाचणीत आधी एकच, नुसतं हुंगल्यासारखं,
मग सगळा कळप, कडाकडा मोडत.
आबा उठले, अंधारात चप्पल न शोधता,
आणि हाताला आला तो डबा घेऊन बांधावर गेले.
वर धरून जोरात हलवला.

ठप्. ठप् ठप्.
सत्तावन्न गोळ्या, आणि आवाज
ओल्या मातीवर बटाटे ओतावेत असा.

डुकरं मान वर न करता खात राहिली.
आबा थोडा वेळ तसेच, डबा डोक्यावर धरून.
मग ओरडले, घसा फुटेस्तोवर. मीही ओरडले.
तेव्हा कुठं कळप ओढ्याकडं सरकला,
घाई नसल्यासारखा.

परतताना त्यांना खोकल्यानं धरलं. की हसत होते.
उंबऱ्यावर बसून पाय पुसता पुसता म्हणाले,
"ती अक्षरं हैत का गं अजून त्याच्याकडं?
पोतंभर म्हणालीस न्हवं?
खणखणत्यात न्हवं?"

मी परकराच्या खिशातला ळ काढून
रिकाम्या तांब्यात टाकला.
आबा कान लावून ऐकत होते.