वसुली

मासेरूच्या जीन्स कारखान्यात मी हिशेबनीस.
म्पोलोकेंगचं नाव माझ्या वहीत दोनदा येतं:
प्रशिक्षणाआधी तासाला बेचाळीस खिसे,
अकरा दिवसांनंतर एकसष्ट.
पगारात वाढ, दिवसाला अर्धा ब्रेड.

शिकवलेलं फार नव्हतं.
कापड ओढायचं नाही, त्याला येऊ द्यायचं.
कोपऱ्यावर सुई आत ठेवूनच वळायचं.
आणि खांदे खाली. खांदे, म्हणत राहायची शिकवणारी, खांदे.

आता ती सोडून चाललीय.
बहिणीच्या पत्र्याच्या खोलीत शाळेचे गणवेश शिवणार.
साहेब म्हणाले, करार दाखव तिला,
दोन वर्षांआधी गेली तर खर्च परत.

मी आकडा लिहून कागद पुढे सरकवला.
तिने वाचला. ब्लँकेटमधून हात काढून
टेबलावर ठेवले, उताणे,
जणू मी ते टाका-टाका उसवून घेणार होतो.

मग म्हणाली, शेजारच्या मशिनीवरच्या लिम्फोला
कोपरा मी शिकवला, जेवणाच्या सुट्टीत.
तिचे आता पंचावन्न होतात.
ते कुठल्या रकान्यात?

मी वही चाळत राहिलो.
खांदे वर चढले होते माझे.