उणे दोन

सोहारच्या आमच्या शाळेत, स्टाफरूममध्ये,
पाण्याच्या कूलरवर यंदापासून आलेख लागतो.
एप्रिलची चाचणी, फेब्रुवारीची चाचणी,
मधलं जे अंतर, ते मी.
सहावी ब, गणित, मुलं एकतीस.
मिस खांबेटे : अधिक चार पूर्णांक दोन.

हिशेब मला कळतो. तोच तर शिकवते.
सरासरीच्या धड्याला मीच सांगते पोरांना,
एक उंट आणि तीस शेळ्या, काढा सरासरी उंची,
आणि मग दाखवा मला ते जनावर.
पोरं हसतात.
परवा आलेखासमोर चहा पिताना
मला माझी शेपटी शोधावीशी वाटली.

अद्वैता नंब्यार. एप्रिलमध्ये शहाण्णव, आता चौऱ्याण्णव.
माझ्या खात्यात उणे दोन.
तिचा पेपर पुन्हा काढून पाहिला :
शेवटचं उदाहरण सोडवलंय, मग खोडलंय,
समासात बारीक अक्षरात,
मिस, दुसऱ्या वाटेनं जमतंय का बघत होते, वेळ संपली.
अकरा वर्षं शिकवतेय.
अशी उणे दोन मला तीनदा मिळाली असतील.

मुदब्बिर अकरावरून तेविसावर. अधिक बारा.
वर्गातली सर्वांत मोठी उडी, आणि तरी नापास.
सुपरवायझर बाईंनी त्याच्या नावाभोवती हिरवं वर्तुळ काढलं,
माझ्याकडे बघून मान डोलावली.
पण ते बारा माझे नाहीत.
ऑगस्टमध्ये त्याच्या अब्बांची स्मेल्टरमधली रात्रपाळी सुटली.
एका खोलीचं घर. तोवर
दिवसा कुणी झोपलेलं असायचं,
आणि पाढे मोठ्यानं म्हणायचे नसायचे.

लीलाम्मा टीचर सव्वीस वर्षं इथे आहेत.
गेल्या मार्चमध्येच त्यांनी कानात सांगितलं होतं,
एप्रिलचा पेपर कठीण काढ, फेब्रुवारीचा सोपा.
पोर उंच होत नसेल
तर जमीन खण की जरा.
त्याच संध्याकाळी मासळीबाजारात
खमीसनं सुरमई काट्यावर ठेवली,
दोन्ही हात उचलून तळवे माझ्यासमोर धरले,
नेहमीसारखे, खवल्यांनी चमकणारे.
मापात पाप नको, आई म्हणायची
दुधाचं माप भरताना.
घरी येऊन एप्रिलचा पेपर काढला.
एक प्रश्न कठीण घातला. एकच.
खोटं कशाला सांगू.

एल्डोची रांग अर्धी आहे.
एप्रिलमध्ये चौतीस. पुढे रिकामा चौकोन,
आणि चौकोनात : माहिती अपूर्ण, वगळले.
नोव्हेंबरात त्याच्या पप्पांची कंपनी बंद झाली,
दहा दिवसांत सामान विकलं, फ्रीज आमच्याच शिपायानं घेतला.
शेवटच्या दिवशी दप्तर नसलेला तो
फळ्यापाशी येऊन उभा राहिला.
पँट आखूड झालेली. ती जूनमध्ये शिवली तेव्हा
अनिसूर टेलरनं म्हणे चार बोटं दुमड ठेवली होती,
वाढतं अंग आहे म्हणून,
आणि ती दुमड कुणी सोडलीच नव्हती अजून.
मिस, त्यानं विचारलं,
तिकडे अपूर्णांक हेच असतात का?

वर्षभरात त्यानं मला विचारलेला
तो पहिला प्रश्न.
मी म्हटलं, हो, हेच. खाली छेद, वर अंश.
मग उगाच म्हटलं, पँटची शिवण उसवून घे.
तो हो म्हणाला आणि
खाली बसून तिथेच दातानं दोरा तोडायला लागला.
बस हॉर्न वाजवत होती.
एक पाय लांब, एक आखूड, तसाच पळाला.

काल फॉर्म आला. सुधारणेसाठी आपण काय कराल,
पन्नास शब्दांत.
अद्वैताचं खोडलेलं उदाहरण मी पूर्ण करून पाहिलं.
त्या वाटेनं जमतं.
लांब पडतं, पण जमतं.